वाढीचा लगाम

मार्गशीर्षात दत्तजयंतीला आमच्या सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरते. तापीकाठच्या त्या बाजारात गिऱ्हाईक घोड्याची उंची विचारते, चाल पाहते, मग किमतीची बोलणी. लहान मुलांचा डॉक्टर म्हणून मलाही उंचीचाच प्रश्न रोज ऐकावा लागतो. "डॉक्टरसाहेब, शेजारणीचा पोरगा केवढा झाला! आमच्याला वाढीचं इंजेक्शन द्या ना!" या मागणीचे उत्तर द्यायचे तर वाढीच्या संप्रेरकाइतकेच त्याच्या लगामाविषयी बोलायला हवे.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. वाढीचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, तिथून लाटांनी सुटते. मोठी लाट रात्री गाढ झोप लागल्यावर येते. १९७३ साली अमेरिकेतील साल्क संस्थेत रॉजर गियमँ यांचे सहकारी मेंढ्यांच्या मेंदूत हे संप्रेरक सोडायला लावणारा पदार्थ शोधत होते. हाती लागला नेमका उलटा, थांबवणारा! चौदा अमिनो आम्लांची ती छोटीशी साखळी म्हणजे सोमॅटोस्टॅटिन. पुढे ते स्वादुपिंडातही सापडले. तिथे ते इन्शुलिनला आवरते आणि साखर वाढवणाऱ्या ग्लुकॅगॉनलाही.

या लगामाचे काम काय, ते मोठ्या माणसांच्या एका आजारात दिसते. पीयूषिकेला गाठ होऊन वाढीचे संप्रेरक बेसुमार सुटू लागले, की हातपाय आणि जबडा रुंदावतो आणि पुष्कळांना मधुमेहही जडतो. कारण हे संप्रेरक इन्शुलिनचा प्रभाव कमी करते. सोमॅटोस्टॅटिन रक्तात दोन-तीन मिनिटेच टिकते, म्हणून अशा रुग्णांना त्याच्यासारखेच पण टिकाऊ औषध, ऑक्ट्रिओटाइड, टोचतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. धडगाव-अक्कलकुव्याच्या कुपोषणाच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो. कुपोषित मुलाच्या अंगात वाढीचे संप्रेरक कमी असणार, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते बहुधा जास्त असते! हाडे लांबवण्याचे बरेचसे काम हे संप्रेरक आयजीएफ-१ या दुसऱ्या पदार्थाकडून करवून घेते, आणि तो मुख्यतः यकृतात तयार होतो. पोटात पुरेसे अन्न आणि प्रथिने नसली, तर यकृत संप्रेरकाचा निरोप ऐकत नाही. आयजीएफ-१ घटते. एरवी हाच पदार्थ मेंदूला लगाम खेचायला सांगतो. तो घटला की लगाम सैल पडतो आणि संप्रेरक आणखी सुटते. मग ते साठलेली चरबी जाळायला लावते, रक्तातली साखर राखते आणि मूल तगून राहते. उंचीचे काम मात्र थांबते. शरीराने केलेली ही काटकसरच म्हणायची.

अशा मुलाला वाढीचे इंजेक्शन देऊन काय साधणार? त्याच्या रक्तात ते आधीच भरपूर आहे. पोटभर भाकरी, डाळ, अंडे, दूध मिळू लागले, वारंवारचे जुलाब थांबले, की आयजीएफ-१ वाढते आणि संप्रेरक आपोआप खाली येते. उंची वाढवण्याच्या डब्यांवर पैसे घालवणाऱ्या पालकांची मला कीव येते आणि ते डबे विकणाऱ्यांचा रागही.

खरोखर संप्रेरक कमी असलेली मुलेही असतात, पण थोडी. त्यांना इंजेक्शनचा उत्तम उपयोग होतो, तेही तपासणी करूनच. पाच वर्षांपुढचे मूल वयात येईपर्यंत वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढते. घराच्या भिंतीवर दर वाढदिवसाला पेन्सिलीने खूण करा. दोन खुणांत चार सेंटीमीटरहून कमी अंतर दिसले, तर मुलाला घेऊन दवाखान्यात या.