सरस्वती कशी सापडली आणि माझा शोध कसा फसला

आजचा एपिसोड वरळी कोळीवाड्यातून, आमच्या गच्चीवरून रेकॉर्ड करतोय. मध्येच होडीच्या इंजिनाचा आवाज आला तर सांभाळून घ्या. सी लिंकच्या दिव्यांमुळे इथून मोजून दहा-पंधरा तारे दिसतात, आणि आपला विषय आहे दीर्घिकांचे समूह, म्हणजे गॅलेक्सी क्लस्टर!

आधी माझी फजिती ऐका. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे नावाचा एक मोठा प्रकल्प आहे. न्यू मेक्सिकोतल्या अडीच मीटरच्या दुर्बिणीने २००० सालापासून आकाशाचा मोठा पट्टा टिपला, आणि तो डेटा सगळ्यांना फुकट मिळतो. मी दिवसा कंपनीत कोड लिहितो, रात्री या डेटावर पायथॉन चालवायला लागलो. पद्धतीचं नाव फ्रेंड्स ऑफ फ्रेंड्स. एक दीर्घिका घ्यायची, ठरावीक अंतराच्या आत जी असेल ती तिची मैत्रीण. मग मैत्रिणीची मैत्रीण, तिची मैत्रीण, असं कुणी उरेपर्यंत. अंतर जास्त ठेवलं तर अख्खं आकाश एकाच व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये, कमी ठेवलं तर प्रत्येकजण एकटा.

एका रात्री १७ दीर्घिकांचा मस्त घोळका सापडला. मी घरभर नाचलो. बाबांना स्क्रीन दाखवली. ते म्हणाले, "अरे, रात्री समुद्रात चार बत्त्या एका जागी दिसतात. म्हणून चार होड्या एकत्र असतात काय? एक समोर असते, दुसरी पार तिकडं."

झालं! मी फक्त आकाशातली जागा बघितली होती. किती लांब, ते बघितलंच नव्हतं.

आता समुद्रात सोय असते. आपली होडी थोडी सरकली की जवळची बत्ती जास्त सरकते, लांबची जागच्या जागी. दीर्घिकांच्या बाबतीत आपण कितीही सरकलो तरी फरक पडत नाही, इतक्या त्या लांब. तिथे रेडशिफ्ट लागतो, मराठी पुस्तकांत ताम्रसृती. प्रकाशाचा पट्टा उलगडला की त्यात मूलद्रव्यांच्या ओळखीच्या रेघा दिसतात. विश्व पसरतंय, त्यामुळे दीर्घिका जितकी लांब तितक्या त्या रेघा लाल रंगाकडे सरकलेल्या. हे मोजायला स्लोनवाल्यांनी काय केलं माहितीये? ॲल्युमिनियमच्या ताटलीत दीर्घिकांच्या नेमक्या जागी भोकं पाडली आणि प्रत्येक भोकात हाताने फायबर खोचली. एका वेळी ६४०! मला हा जुगाड फार आवडतो.

फसणारा मी पहिला नाही. जॉर्ज एबेलने १९५८ मध्ये फोटोंच्या काचा डोळ्यांनी तपासून २,७१२ समूहांची यादी केली, तेव्हाही पुढचं-मागचं एकत्र दिसण्याचा धोका होताच.

त्याच यादीतला २६३१ नंबरचा समूह पुढे आपल्या पुण्याच्या गोष्टीत आला. आयुकाचे जयदीप बागची, आयसर पुण्याचे शिशिर सांख्यायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै २०१७ मध्ये सरस्वती महासमूह जाहीर केला. डेटा स्लोनचाच, स्ट्राइप ८२ नावाच्या पट्ट्यातला. मीन राशीच्या दिशेला, साधारण ४०० कोटी प्रकाशवर्षं लांब, किमान ४३ समूहांची एक भिंत. पसारा सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षं. आपली आकाशगंगा साधारण १ लाख प्रकाशवर्षांची धरा, म्हणजे अशा ६,००० आकाशगंगा एका रांगेत! आणि ही भिंत बत्त्यांचा भास नाही, कारण अंतरं मोजलेली आहेत.

एक गोष्ट मात्र बातम्यांत राहून जाते. त्यांच्या गणितानुसार फक्त मधला भाग, म्हणजे केंद्रापासून साधारण साडेसहा कोटी प्रकाशवर्षांपर्यंतचा, स्वतःच्या गुरुत्वाने आत कोसळत असावा. अख्ख्या भिंतीबद्दल तसं म्हणता येत नाही. एबेल २६३१ आहे त्या मधल्या भागात.

माझ्या १७ दीर्घिकांचं काय झालं? रेडशिफ्टचा कॉलम जोडला, आणि ११ गळाल्या. कुणी पुढे, कुणी पार मागे. उरल्या सहा. या सहांचेही आकडे तंतोतंत जुळत नाहीत. पण ते चालतं, कारण समूहात दीर्घिका स्वतःच सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने फिरत असतात, त्यानेही रेघा थोड्या सरकतात. किती फरक चालवून घ्यायचा, तिथे सध्या अडकलोय.

तुम्हाला करून बघायचं असेल तर स्कायसर्व्हर शोधा, ब्राउझरमधूनच क्वेरी चालते. रेडशिफ्टचा कॉलम मात्र पहिल्याच दिवशी घ्या.

आणि बाबा रोज जेवताना विचारतात, "काय रे, सहाच्या किती झाल्या?" पुढच्या भागात सांगतो.