रहस्याचे मोल

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



जादूगाराच्या रंगमंचावरील एक पेटी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिली असेल. उभ्या पेटीत एक तरुणी शिरते, दोन रुंद पाती आरपार जातात आणि पेटीचा मधला भाग बाजूला सरकवला जातो. चेहरा हसत असतो, पाय हालत असतात, धड मात्र भलतीकडेच गेलेले असते. ‘झिगझॅग’ नावाचा हा प्रयोग रॉबर्ट हार्बिन या जादूगाराने १९६५ च्या सुमारास सिद्ध केला. पुढे १९७० मध्ये त्याने आपल्या प्रयोगांचा ग्रंथ काढला, त्याच्या केवळ ५०० प्रती छापल्या आणि ग्रंथ विकत घेणाऱ्याला त्यातील साहित्य स्वतःपुरते तयार करण्याची अनुमती दिली. परंतु जगभरातील पेट्या ५०० वर थांबल्या नाहीत. ज्यांनी तो ग्रंथ डोळ्यांनीही पाहिला नव्हता, त्यांनी पेट्या बनवल्या आणि विकल्या. आज पेटी सर्वांना ठाऊक आहे. तिचा कर्ता क्वचितच कोणाला आठवतो.

जादू हा करमणुकीचा विषय खरा. पण दुसऱ्याच्या बुद्धीतून निघालेली वस्तू आपण कोणत्या अधिकाराने वापरतो, हा त्यातील प्रश्न विद्येच्या प्रत्येक क्षेत्राला लागू आहे. शाळेच्या साठ वर्षांच्या उत्सवात त्याचा विचार अप्रस्तुत ठरू नये.

जादूच्या प्रयोगाची तीन अंगे असतात : रहस्य, साहित्य आणि सादरीकरण. गाणे चोरले तरी गाणे उरते. ऐकणाऱ्याचा आनंद कमी होत नाही. रहस्याचे तसे नाही. ते दहा दुकानांत विकले गेले आणि कच्च्या हातांनी चौकाचौकांत उघडे पडले की मूळ कर्त्याच्या हातातही त्याचे विस्मय उरत नाही. म्हणून जादूतील चोरी ही केवळ कमाईची चोरी नव्हे. ती वस्तूचाच नाश करते.

मग कायदा काय करतो? याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणात सापडते. जानेवारी १९२१ मध्ये लंडनमध्ये पी. टी. सेल्बिट याने पेटीतील स्त्री करवतीने कापण्याचा प्रयोग प्रथम जाहीरपणे दाखवला. त्याच वर्षी अमेरिकेत होरेस गोल्डिनने आपल्या पद्धतीने तसाच प्रयोग सुरू केला आणि सेल्बिट तेथे पोहोचण्याआधी रंगभूमी काबीज केली. ‘आयत्या बिळात नागोबा’ ही म्हण कोणाला आठवल्यास नवल नाही. याच गोल्डिनने पुढे इतरांपासून आपल्या प्रयोगाचे रक्षण व्हावे म्हणून १९२३ मध्ये पेटंट मिळवले. परंतु पेटंटची अटच अशी, की युक्ती आकृत्यांसह सरकारदरबारी लिहून द्यावी लागते आणि ती कोणालाही वाचता येते. दहा वर्षांनी एका सिगारेट कंपनीने आपल्या जाहिरातींतून ते रहस्य लोकांसमोर मांडले. गोल्डिन न्यायालयात गेला. १९३८ मध्ये तो हरला. जे त्याने स्वतःच जाहीर दफ्तरात ठेवले होते, ते गुप्त कसे म्हणावे? कुलूप लावण्यासाठी किल्ली सर्वांना दाखवावी लागते, अशी ही विचित्र अवस्था आहे.

दुसरा मार्ग टेलर या अमेरिकन जादूगाराने शोधला. फुलदाणीत गुलाब, मागे पडद्यावर त्याची सावली. टेलर सुरी फुलाला लावत नाही, सावलीला लावतो. आणि खऱ्या फुलाच्या पाकळ्या गळून पडतात. ही मूकनाट्याची कृती म्हणून त्याने १९८३ मध्ये नोंदवली. २०१२ मध्ये युरोपातील एका कलावंताने तसाच प्रयोग चित्रफितीत दाखवून त्याचे साहित्य विकावयास काढले. तेव्हा टेलरने दावा लावला आणि २०१४ मध्ये नेवाडाच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाने युक्तीला संरक्षण दिले नाही. युक्तीभोवती रचलेल्या नाट्याला दिले.

भारतीय कायद्याची दिशाही हीच आहे. कल्पनेवर कोणाची मालकी नसते, तिच्या आविष्कारावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद प्रकरणात १९७८ मध्ये स्पष्ट केले. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ‘प्रयोगकर्ता’ या संज्ञेत अभिनेता, गायक आणि नर्तक यांच्या पंक्तीला जादूगार, कसरतपटू आणि गारुडीही आले. बाजारात पोतडी सोडून बसणाऱ्या माणसाला कायद्याने कलावंत म्हटले, ही लहान गोष्ट नव्हे. त्याच्या खेळाचे ध्वनिचित्रमुद्रण त्याच्या संमतीविना करून विकता येत नाही. पण त्याची हातचलाखी पाहून दुसऱ्याने ती उचलली, तर कायदा बहुधा मौन पाळतो. जेथे कायदा थांबतो, तेथून नीतीचे काम सुरू होते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. सारी विद्या उसनवारीवरच चालते. पेला आणि गोळ्या, कड्या, दोरी हे खेळ कोणाच्या मालकीचे आहेत? हा आक्षेप अर्धा खरा आहे. जुन्या खेळांचा हा ठेवा सामाईक विहिरीसारखा आहे, तेथे कोणीही पोहरा सोडावा. लहान गावातील गरीब जादूगाराला आयुष्यभर पुरेल एवढे पाणी तीत आहे. मात्र सामाईक विहिरीलाही खोदणारे हात असतात. १८६५ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये कर्नल स्टोडेअर याने ‘भारतीय टोपलीचा खेळ’ दाखवून वाहवा मिळवली. टोपलीला देशाचे नाव लाभले; ती पिढ्यान्‌पिढ्या खांद्यावर वाहणाऱ्या गारुड्यांपैकी कोणाचे नाव त्या कीर्तीत आले नाही. आज परदेशी प्रयोगांच्या नकला सहज विकणाऱ्यांनी हा अन्याय आपल्या बाजूने विचारात घ्यावा. आपल्या माणसाचे घेतले तेव्हा ज्याला चोरी म्हणावेसे वाटते, ते आपण घेतले म्हणजे चातुर्य होत नाही.

मग घ्यावे कसे? आपल्या भाषेच्या इतिहासात याची उत्तम उदाहरणे आहेत. दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्यापूर्वी जादूचे प्रयोग करीत. आडनावाची अक्षरे उलटवून त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतले होते. १९१२ मध्ये ते लंडनला गेले, ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले आणि त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत जाऊन तंत्र पाहिले. लपून नव्हे, विचारून. परत येऊन १९१३ मध्ये त्यांनी पडद्यावर आणला तो राजा हरिश्चंद्र. हेपवर्थ यांची कथा नव्हे. पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखांत त्यांनी आपल्या शिक्षणाची हकीकतही लिहून ठेवली.

दुसरे उदाहरण तर रायपूरचेच. ‘छत्तीसगढ मित्र’ १९०० मध्ये सुरू करणारे माधवराव सप्रे यांनी लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. विचार टिळकांचा, हिंदी शब्द सप्र्यांचे. दोन्ही नावे आपापल्या जागी राहिली आणि कोणाचेही मोठेपण कमी झाले नाही. घेणे आणि चोरणे यांतील अंतर बहुधा एका नावाइतके असते.

तिसरे उदाहरण वारशाचे. पुण्याचे जादूगार रघुवीर, त्यांचे पुत्र विजय आणि नातू जितेंद्र अशा तीन पिढ्यांत ही कला हातातून हातात गेली. दिलेले आणि उचललेले यांत फरक आहे तो हाच : दिलेल्याबरोबर जबाबदारीही येते.

रहस्य राखणे हे मूल्य मानले, तर एक शंका छत्तीसगढमध्ये विशेष उठेल. या राज्याला २००५ मध्ये टोनही प्रताडना निवारण कायदा करावा लागला. भोंदू माणूस हातचलाखीला चमत्कार म्हणून विकतो, त्यावर एखाद्या निराधार बाईला टोनही ठरवतो. अशा ठिकाणी रहस्य फोडणे हे पापच का? मुळीच नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात भोंदूंचे चमत्कार उघडे केले, ते कर्तव्य म्हणूनच. रंगमंचावरील जादूगार आधीच सांगून फसवतो; त्याच्याशी प्रेक्षकाचा करार असतो. भोंदू तो करारच मोडतो. त्याचे रहस्य हे रहस्य नसून लबाडीचे हत्यार असते. एकाचे गुपित राखणे आणि दुसऱ्याचे फोडणे, ही दोन्ही एकाच सत्यनिष्ठेची रूपे आहेत.

पालकहो, हे सारे मुलांपर्यंत कोठे येऊन पोहोचते? विज्ञान प्रदर्शनाचा नमुना दुकानातून तयार आणला जातो आणि त्यावर मुलाच्या नावाची चिठ्ठी लागते. निबंध कोठून तरी उतरवला जातो. वक्तृत्वातील भाषण दुसऱ्याने लिहिलेले असते. पारितोषिक मिळते, छायाचित्र निघते. आणि मुलाला एक धडा न शिकवताच पाठ होतो, की कर्ता कोण याला महत्त्व नाही, हातात कोणाच्या आहे याला आहे. मोठेपणी तेच मूल वाङ्मयचौर्य करते, तेव्हा त्याला ते चौर्य वाटतच नाही.

उपाय अवघड नाही. नमुना साधा असो, ओबडधोबड असो, पण मुलाने केलेला असो. जेथे कोणाचे साहाय्य घेतले, तेथे प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर त्याचे नाव असावे : ही कल्पना अमक्या पुस्तकातील, ही जोडणी काकांनी शिकवली, हे चित्र ताईने काढून दिले. असे लिहिणाऱ्या मुलाचे गुण कमी होऊ नयेत, वाढावेत. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज कार्यालये, कारखाने, दवाखाने चालवतात. हाताखालच्या माणसाची कल्पना बैठकीत मांडताना त्याचे नाव घेणे, हीही याच पाठाची उजळणी होय.

जादूगाराची पेटी रिकामी दाखवता येते आणि त्यातून कबुतर काढता येते. ज्ञानाची पेटी मात्र कधीच रिकामी नव्हती; तीत आपल्या आधी कोणीतरी काही ठेवलेले असते. ते कोणी ठेवले हे विचारण्याची आणि सांगण्याची सवय येथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला लागो.