पाडव्याचे सोने आणि त्याची पावती

साडेतीन मुहूर्तांपैकी गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया हे दोन वसंत ऋतूत येतात, आणि या दिवशी पंचांग न पाहता शुभकार्य करता येते या समजुतीमुळे महाराष्ट्रातील सराफी पेढ्यांवर मोठी गर्दी होते. मात्र किती सोने घ्यावे हे कोणताही मुहूर्त सांगत नाही, आणि गुंजभर, म्हणजे तोळ्याच्या शहाण्णवाव्या भागाइतक्या, सोन्यानेही तो साधतो.

अडचण होते ती हौसेला बचत म्हटल्याने. हिशेबाच्या सोयीसाठी 22 कॅरेटचा दर ग्रॅमला 10,000 रुपये धरला, तर 10 ग्रॅमच्या पाटलीतील सोने 1,00,000 रुपयांचे होते. त्यावर 15 टक्के घडणावळ, म्हणजे कारागिरीची मजुरी, आणि एकूण रकमेवर 3 टक्के वस्तू व सेवा कर धरल्यास ग्राहक 1,18,450 रुपये मोजतो. तीच पाटली दुसऱ्या दिवशी मोडीत घातली, तर घट न धरताही हाती फार तर एक लाख येतात. घडणावळीवरील सवलतीचे फलक सणाच्या तोंडावर झळकतात, तेव्हा सवलत कोणत्या मूळ आकड्यावर आहे आणि खड्यांचे वजन सोन्याच्या भावाने तर लावलेले नाही ना, हे आधी विचारावे.

शुद्धतेसाठी दागिन्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, 22 कॅरेटसाठी 916 हा आकडा (हजारातील शुद्ध सोन्याचे भाग) आणि सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, अशा तीन खुणा भिंगातून पाहाव्यात. हा क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर पडताळता येतो. तथापि दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना या हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे केवळ मुहूर्तापुरती एक ग्रॅमची वेढणी किंवा बाळाची बाळी घेणाऱ्यालाच, म्हणजे सर्वांत लहान ग्राहकालाच, या खुणांचा आधार मिळेलच असे नाही. (‘एक ग्रॅम सोन्याचे दागिने’ म्हणून मिळतात ते तर तांब्या-पितळेवरील मुलाम्याचे असतात.) अशा ग्राहकाने शुद्धता, निव्वळ वजन, त्या दिवसाचा दर आणि घडणावळ पक्क्या पावतीवर वेगवेगळी लिहून घ्यावी, कर वाचवण्यासाठी कच्ची चिठ्ठी पत्करली, तर तीन टक्क्यांपायी पुढे तक्रारीसाठी लागणारा मुख्य पुरावाच हातचा जातो.