रायमुनियाच्या जाळीआड

आज एका झुडपाबद्दल बोलायचं आहे. आपल्या विदर्भात त्याला रायमुनिया म्हणतात, पश्चिमेकडे घाणेरी किंवा टणटणी. चौकोनी काटेरी दांडा, खरखरीत पान, चुरगळलं की उग्र वास आणि एकाच गुच्छात पिवळी-गुलाबी फुलं. सरपणाला गेलेल्या प्रत्येकीच्या पदराला त्याने एकदा तरी धरलेलं असणार.

हे झुडूप इतकं सगळीकडे आहे की ते आपल्या जंगलाचंच वाटतं. पण ते मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं. १८०९ च्या सुमारास इंग्रजांनी ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलं. पुढे बंगल्यांच्या कुंपणाला लागलं आणि कुंपण सोडून रानात गेलं. त्याला नेणारे आपलेच. बुलबुल पिकलेली काळी फळं खातो, दुसऱ्या झाडावर जाऊन बसतो आणि खाली बी टाकतो. अस्वलही ती फळं आवडीने खातं. २०२० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. देशातल्या वाघांच्या जंगलांपैकी सुमारे ४० टक्के क्षेत्रात हे झुडूप पसरलंय, असं त्यात दिसलं.

कुणी म्हणेल, बाई, हिरवं तर आहे ना, मग बिघडलं काय? बिघडतं ते खाली. जाळी दाट झाली की उन्हाचा कवडसा जमिनीपर्यंत पोचत नाही. शिवाय मुळांतून, गळलेल्या पानांतून असे रस मातीत उतरतात की दुसरं बी नीट रुजत नाही. मोह, तेंदू, चारोळी यांची रोपं खालीच गुदमरतात. आणि सगळ्यात आधी जातं ते गवत.

गवत गेलं की काय होतं ते नीट पाहा. चितळ आणि गवा रायमुनियाचा पाला सहसा खात नाहीत, तो विषारी असतो. मग चितळ हरभऱ्याच्या वावरात येतं. रानडुकराला तर जाळी म्हणजे आयतं घरच, दिवसा तिथे लोळायचं, रात्री धानात घुसायचं. या दोघांच्या मागे वाघ-बिबट येणारच. तिकडे आपल्या गाईंनाही गावाजवळ चारा उरत नाही, म्हणून गुराखी त्यांना आणखी आत नेतो. जनावर बाहेर येतं, आपण आत जातो, आणि मध्ये ही जाळी, जिच्या पलीकडचं दोन हातांवरचंही दिसत नाही.

आता, चंद्रपूर-गडचिरोलीत माणसावर होणाऱ्या हल्ल्यांचं सगळं खापर या झुडपावर फोडणार नाही मी. वाघ वाढले, जंगलाचे तुकडे पडले, रस्ते आणि खाणी आल्या. पण मोह वेचताना, तेंदूपत्ता तोडताना बाई वाकलेली असते, नजर खाली असते, आणि बाजूला जाळी असली तर वाघाला ती आणि तिला वाघ अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. म्हणून जाळीच्या कडेला एकटीने वाकू नका. दोघी वेचत असाल तर तिसरीने उभं राहून पाहत राहावं. आत शिरण्याआधी मोठ्याने बोला, डबा वाजवा.

गुरांचंही सांगते. उन्हाळ्यात चारा नसला की उपाशी जनावर हा पाला खातं. मग ते रवंथ सोडतं, शेण घट्ट होतं, डोळे पिवळे पडतात, उन्हात नाकपुड्यांची आणि कासेची कातडी फुटते. विष यकृतावर चढलेलं असतं. असं दिसलं तर जनावर आधी सावलीत बांधा आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवा. पोरांनाही हिरवी, कच्ची फळं खाऊ देऊ नका.

मग हे काढायचं कसं? कुऱ्हाडीने वरून छाटलं की एका खोडाला दहा धुमारे फुटतात. आपण वर्षानुवर्षं सरपणाला हेच करत आलो आणि जाळी दाट होत गेली. फुटवा येतो तो खोड आणि मूळ जिथे मिळतं त्या गाठीतून. ती गाठ जमिनीत राहता कामा नये. माती ओली असताना, फळं पिकायच्या आधी, कुदळीने बुंधा मोकळा करा. मुख्य मूळ गाठीच्या खाली, जमिनीत तीन-चार बोटं आत तोडा. मग अख्खं झुडूप उपटून मुळं वर करून उलटं ठेवा. मूळ मातीला टेकलं नाही की ते वाळून जातं. ही पद्धत दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांनी पुढे आणली आणि कॉर्बेटच्या जंगलात ती वापरली गेली. पुढच्या पावसात खाली पडलेलं बी उगवतंच, विशेषतः पाखरं बसतात त्या झाडांखाली. ती रोपं हाताने उपटायची. दोन-तीन पावसाळे हे करावं लागतं. एका वर्षात सोडलं तर मजुरी वाया.

काही जणी म्हणतील, जाळून टाकू. इथे कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरातल्या सोलिगा आदिवासींचं सांगायला हवं. ते पूर्वी दरवर्षी थंडी सरता सरता पालापाचोळ्याची हलकी आग लावत. १९७४ साली तिथे अभयारण्य झालं आणि आगीवर बंदी आली. जुनी माणसं सांगतात, ती आग रायमुनियाला लहानपणीच मारायची, आग थांबली आणि झुडूप माजलं. मला त्यांचं म्हणणं पटतं. पण आज तो उपाय आपण उचलू शकत नाही. उंच वाढलेल्या वाळक्या जाळीला आग लागली की ती शिडीसारखी झाडाच्या शेंड्यापर्यंत चढते, मोठी झाडं होरपळतात, आणि पाऊस पडला की रायमुनिया मुळातून पुन्हा फुटतो. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतो ना आपण, ती आगही अशीच हाताबाहेर जाते. त्यापेक्षा पाला झाडून घ्या, नाहीतर जुन्या साड्या अंथरा. फुलंही स्वच्छ मिळतात.

काढलेल्या काड्यांचं काय? त्याच कर्नाटकात, मलेमहादेश्वर डोंगरातले सोलिगा कारागीर काड्या उकळून, साल काढून खुर्च्या आणि टोपल्या करतात. निलगिरीत तर याच काड्यांचे खऱ्या हत्तीएवढे हत्ती केले, ते २०२१ साली लंडनच्या बागांत उभे होते. गटाला जोडधंदा होऊ शकतो, पण खरेदीदार ठरल्याशिवाय भांडवल घालू नका. आणि धंद्यासाठी जाळी राखायची, असं मात्र होऊ देऊ नका.

परवानगीचं ध्यानात ठेवा. अभयारण्यात किंवा वनविभागाच्या जागेत परस्पर कुदळ चालवता येत नाही. तुमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला असेल, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. मेंढा-लेखाने असा हक्क २००९ सालीच मिळवला. तुमच्याकडे हक्क असेल तर हे काम व्यवस्थापन आराखड्यात घालायला लावा आणि रोजगार हमीतून मजुरी मागा. नसेल तर वनरक्षकाला आणि वन समितीला बरोबर घ्या. सगळं रान एकदम उघडं करू नका, ससे-तितर त्यातच लपतात. आधी गावाची कड, पाणवठ्याची वाट आणि मोहाच्या झाडांभोवतीची जागा घ्या.

मोकळ्या जागेत लगेच गवत पेरलं नाही तर तिथे रानतुळस नाहीतर पुन्हा रायमुनियाच येतो. मारवेल, पवन्या, शेडा ही आपली गवतं. त्यांचं बी पावसाळा संपता संपता पिकतं, तेव्हाच बांधावरून ओंब्या ओरबाडून आणा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरून उंदरांपासून दूर टांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट राहून बुरशी धरते. पहिल्या पावसाला ओल्या मातीत आणि शेणात कालवून विखरून टाका, आणि गवत धरेपर्यंत पहिल्या वर्षी तिथे गुरं सोडू नका.