जसे पान, तसा नाद



गावोगावच्या भजनी मंडळांत आणि शाळांत एक गोष्ट हमखास पाहायला मिळते. पखवाज नीट बोलेनासा झाला, की कोणीतरी हातोडी उचलतो, गठ्ठे ठोकतो, वाद्या ताणतो. घटकाभर बरे वाटते. दोन दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! मग दोष कोणाला? वाजवणाऱ्याच्या हाताला, नाहीतर पावसाळी हवेला. ज्या कातड्यातून आवाज निघायचा, त्याच्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. ते कातडे कसे निवडावे, याविषयी आज आपल्याशी बोलणार आहे.

तबला-पखवाजावर त्याला आपण पुडी म्हणतो, ढोल-ताशावर पान म्हणतो. नाव कोणतेही असो, त्याचा आवाज तीन गोष्टींवर ठरतो: तोंड केवढे, कातडे किती जड आणि ताण किती. तोंड लहान तर सूर चढा. कातडे जाड व जड तर सूर उतरता. ताण वाढवला तर सूर चढा. हातोडीच्या हाती यांपैकी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ताण. उरलेल्या दोन वाद्य घेतानाच ठरून जातात. आडात नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार?

आणि ताणालाही मर्यादा आहे. सूर एका सप्तकाने चढवायचा, तर ताण दुप्पट नव्हे, चौपट करावा लागतो. पेटीवरचे उदाहरण घ्या. काळी एकमध्ये लावलेला तबला त्याच सप्तकातल्या पांढरी पाचपर्यंत न्यायचा, तर ताण जवळजवळ दुप्पट होतो. पुडी इतके सोसत नाही. ती फाटते, नाहीतर आवाज आखडून कोरडा होतो. म्हणून जाणते वादक वेगवेगळ्या सुरांसाठी वेगवेगळ्या तोंडांचे तबले बाळगतात. साधारण साडेपाच इंच तोंडाचा तबला काळी एकला सहसा नीट बसतो. याहून बराच चढा सूर हवा असेल, तर लहान तोंडाचा तबला घ्यावा. मोठ्याला ठोकून ठोकून लहान करता येत नाही.

आता जाडीकडे वळू. बकऱ्याचे पातळ कातडे बोटाच्या हलक्या स्पर्शालाही उत्तर देते. त्याचा नाद स्वच्छ, पण आयुष्य कमी. जाड कातडे मार सोसते, पण त्याला जागे करायला हातात जोर लागतो आणि बारीक बोल त्यातून पुसट निघतात. घरच्या बैठकीत अभंगाची साथ करायची, तर पातळाकडे झुकावे. उघड्या पटांगणात दिंडीपुढे तासन् तास वाजवायचे, तर थोडे जाड बरे. दोन्ही गुण एकाच पुडीत पुरेपूर मिळत नाहीत. त्यामुळे ‘चांगली पुडी द्या’ एवढे सांगून भागत नाही. ‘कशासाठी हवी’ हे कारागिराला सांगावे लागते.

तबल्याच्या आणि पखवाजाच्या उजव्या तोंडावर काळी शाई असते. लोखंडाचा बारीक कीस आणि खळ यांचे थरावर थर देऊन, प्रत्येक थर दगडाने घोटून ती बसवतात. ही शाई शोभेसाठी नसते. नुसत्या ताणलेल्या कातड्यातून मूळ सुराबरोबर जे वरचे सूर निघतात, ते त्याच्याशी जुळत नाहीत. पहिला सूर 1 धरला, तर पुढचे 1.59, 2.14, 2.30 असे वेडेवाकडे येतात. त्यामुळे साध्या ढोलाचा धमाका ऐकू येतो, पण त्यावर ‘सा’ धरता येत नाही. शाईच्या वजनाने हेच सूर 1, 2, 3, 4, 5 अशा सरळ प्रमाणाजवळ येतात आणि चामड्यातून तारेसारखा सूर निघतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे दाखवून दिले आणि 1934 मध्ये त्यावर आणखी सविस्तर निबंध लिहिला. आपल्या कारागिरांनी ही गोष्ट कानाने शोधली होती. शास्त्रज्ञाने तिचे गणित मांडले.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, तीही याच न्यायाने. वजन वाढले, सूर उतरला, घुमारा आला. शिक्षक बंधु-भगिनींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. रिकाम्या डब्याच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधा आणि बोटाने टिचकी मारा. मग मध्यभागी ओल्या कणकेची लहानशी गोळी चिकटवून पुन्हा मारा. आवाज उतरलेला मुलांना आपोआप कळेल. मंडळींनाही एक सूचना: वाजवून झाले की पखवाजाची कणीक खरवडून काढा. नाहीतर रात्रीचा श्रोता उंदीर असतो, आणि तो पुडीसकट दाद देतो!

कातड्याचा मोठा शत्रू ओल. कातडे हवेतले पाणी पिते, जड होते, सैल पडते. हलगीवाला वाजवण्याआधी हलगी जाळावर धरतो, ती हे पाणी घालवण्यासाठी. प्लास्टिकचे पान पाणी पीत नाही. 1957 च्या सुमारास अमेरिकेत रेमो बेली यांनी पॉलिस्टरच्या पातळ पत्र्याची पाने बाजारात आणली आणि तिकडच्या ड्रमसेटवरून कातडे हळूहळू उतरले. त्या ड्रमसेटवरही निवडीचे सूत्र तेच. सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे एकपदरी पान मोकळे आणि लांब वाजते. दुपदरी पान मार जास्त सोसते, पण त्याचा नाद लवकर आवरतो. वर खरबरीत लेप दिला, की आवाज थोडा मऊ होतो. शाळेच्या बँडमधल्या ड्रमचे पान बदलताना हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडेही ढोल-ताशाच्या पथकांत अशी पाने आली आहेत. मिरवणुकीच्या पावसात त्यांचा उपयोग नाकारण्यात अर्थ नाही. पण अभंगाच्या साथीला तळहाताखाली दबणारे, घुमणारे कातडे लागते. जे चौकात शोभते, ते गाभाऱ्यात शोभेलच असे नाही.

मग दुकानात गेल्यावर काय पाहावे? पुडी बांधलेली नसेल, तर उजेडासमोर धरा. सगळीकडे सारखी जाड हवी, कोठे गाठ किंवा चीर नको. तबला बांधलेला असेल, तर चाटेवर सोळाही घरांवर एकेक टिचकी मारा. सूर सगळीकडे सारखा यायला हवा. दोन-चार घरे उतरलेली असतील, तर कारागिराला तेथेच सांगा. शाईच्या कपच्या निघत नाहीत ना, तेही बघा.

पण या सगळ्याआधीचे एक काम घरीच करायचे असते: गाणाऱ्यांचा सूर ठरवणे. वर्गणी जमते, दोघेजण तालुक्याला जातात आणि खणखणीत वाजणारा चढा तबला घेऊन येतात. मग त्याच्यामागून साऱ्या मंडळाला आपला आवाज ओढावा लागतो. म्हाताऱ्यांचा गळा दुसऱ्या अभंगालाच बसतो, ते मागे सरकतात आणि पुढे पुढे येईनासे होतात. शाळेत मुलांची तीच गत होते. वाद्याची पुडी बदलता येते, गळ्याची बदलता येत नाही. म्हणून आधी सर्वांनी मिळून एक अभंग म्हणावा, कोणत्या पट्टीत सगळ्यांना सुखाने गाता येते ते पेटीवर पाहावे, ती पट्टी कागदावर लिहावी आणि मगच दुकानाची पायरी चढावी. जमल्यास एखाद्या गाणाऱ्याला बरोबर न्यावे. त्याने सूर धरावा, कारागिराने वाद्य त्याला लावून द्यावे. मंडळातल्या शेवटच्या ओळीतल्या माणसालाही ज्याच्याबरोबर गाता येईल, ती पुडी चांगली.