घरातला हेर, गटातला संशय

(जिल्ह्यातल्या महिला संघटनांच्या दोन दिवसांच्या अभ्यास शिबिरात 'युद्ध, हेरगिरी आणि स्त्रिया' या विषयावर केलेल्या मांडणीचा हा संपादित भाग.)



शिबिराच्या पत्रिकेत माझा विषय वाचून काल रात्री आपल्यातल्या एकीनं मला विचारलं, "अगं, युरोपातल्या हेरगिरीचा आणि आपला काय संबंध? आपल्याकडे रेशनपासून पोटगीपर्यंत प्रश्नांचा ढीग पडलाय." प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी शेवटी देणार आहे, कारण ते माझ्या स्वतःच्या एका चुकीशी जोडलेलं आहे. आधी थोडा इतिहास पाहू.

हेर आणि बाई असं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माताहारी येते. मूळची हॉलंडची, मार्गारेटा झेल्ले नावाची ही बाई पॅरिसमध्ये 'हिंदू देवळातलं नृत्य' म्हणून नाच करायची. पहिल्या महायुद्धात फ्रान्सनं तिला जर्मनीची हेर ठरवलं आणि १५ ऑक्टोबर १९१७ रोजी गोळ्या घातल्या. तिनं नेमकी कोणती गुपितं दिली, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. पण तेव्हापासून एक चित्र पक्कं झालं. बाई रूपाच्या जोरावर पुरुषाला जाळ्यात ओढते आणि देश बुडवते. सिनेमांनी आणि रहस्यकथांनी ते घरोघर पोचवलं. पराभवाचं खापर फोडायला बाईचं डोकं नेहमीच सोयीचं असतं, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको.

प्रत्यक्षातला इतिहास मात्र बराचसा उलटा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये जर्मनीची दोन राष्ट्रं झाली. पश्चिम जर्मनी अमेरिकेच्या गोटात, पूर्व जर्मनी सोव्हिएत गोटात. १९६१ मध्ये बर्लिन शहरात भिंत उभी राहिली. रणगाडे समोरासमोर उभे होते, पण खरी लढाई चालली ती माहितीची. पश्चिम जर्मनीच्या राजधानीत, बॉनमध्ये, मंत्रालयांतून हजारो स्त्रिया टंकलेखक आणि सचिव म्हणून काम करत होत्या. पगार बेताचा, हुद्दा खालचा, पण सगळे गोपनीय कागद त्यांच्या हातून जायचे. पूर्व जर्मनीच्या हेरखात्यानं हे बरोबर हेरलं. मार्कुस वोल्फ या प्रमुखाच्या काळात देखणे, सभ्य पुरुष बॉनला पाठवले गेले. त्यांनी एकट्या राहणाऱ्या सचिवांशी ओळख वाढवायची, प्रेम करायचं, गरज पडली तर लग्नही करायचं. सोव्हिएत हेरखातंही तेच करत होतं. तिथल्या परराष्ट्र मंत्रालयातल्या लिओनोरे झ्युटरलिन या सचिवेला १९६७ मध्ये अटक झाली. आपल्या नवऱ्यानं आपल्याशी लग्न केलं ते वरून आलेल्या हुकमानुसार, हे तिला कोठडीत कळलं. तिनं तिथेच गळफास घेतला.

कथेतली माताहारी पुरुषाला फसवते. इथं मात्र एक शासनसंस्था पुरुषाला पगार देऊन बाईच्या घरात शिरवते. आणि पकडली गेल्यावर देशद्रोही कोण? तर ती.

आता दुसरी गोष्ट, आपल्यासारख्याच बायकांची.

१९७९ मध्ये 'नाटो'नं पश्चिम युरोपात नवी अण्वस्त्रं ठेवायचं ठरवलं. सोव्हिएत बाजूनं ती आधीच रोखलेली होती. ब्रिटनमध्ये ग्रीनहॅम कॉमनच्या लष्करी तळाबाहेर १९८१ पासून बायकांनी तळ ठोकला, ते आपल्यापैकी अनेकींनी वाचलं असेल. त्याच सुमारास पूर्व जर्मनीत काय घडत होतं, ते आपल्याकडे कमी पोचलं. मार्च १९८२ मध्ये तिथल्या सरकारनं कायदा केला की युद्धप्रसंगी बायकांनाही सैन्यात भरती करता येईल. सरकारच्या मते ही स्त्री-पुरुष समानता होती. बायकांनी विचारलं, मारण्याच्या कामात समान वाटा ही कसली समानता? सुमारे दीडशे जणींनी सह्या करून राष्ट्रप्रमुख होनेकर यांना पत्र पाठवलं. 'शांततेसाठी स्त्रिया' हा गट त्यातून उभा राहिला. चित्रकार बेर्बेल बोलाय आणि उलरिके पोप्पं या त्यातल्या पुढाकार घेणाऱ्या. पोप्पंनी तर बर्लिनमध्ये सरकारी चाकोरीबाहेरचं पाळणाघर चालवलं होतं. म्हणजे कामं आपल्यासारखीच. पत्रं लिहायची, सह्या गोळा करायच्या, मुलं सांभाळायची आणि सभा घ्यायच्या.

डिसेंबर १९८३ मध्ये दोघींना अटक झाली. कारण काय, तर ब्रिटनहून आलेल्या एका शांतता कार्यकर्तीशी त्या बोलल्या होत्या. पोप्पंची मुलं तेव्हा लहान होती. पाळणाघरही सरकारनं बंद पाडलं. देशोदेशींतून निषेध झाला आणि सहा आठवड्यांनी त्यांना सोडावं लागलं.

त्यांच्यावर नजर ठेवणारं खातं म्हणजे श्टाझी. १९८९ मध्ये या खात्यात सुमारे ९१ हजार पगारी नोकर होते आणि १ लाख ७० हजारांहून अधिक गुप्त खबरे. देशाची लोकसंख्या होती दीड कोटीच्या थोडी वर. खबरे म्हणजे कोण? शेजारी, सहकारी, शिक्षक, पाद्री. फेरा वोलेनबर्गर ही शांतता चळवळीतली कार्यकर्ती. तिला १९८८ मध्ये तुरुंगवास झाला आणि देशाबाहेर जावं लागलं. पुढे फायली खुल्या झाल्यावर तिला कळलं की 'डोनाल्ड' या टोपणनावानं तिच्याबद्दल खबरा देणारा माणूस तिचा नवरा होता. मुलांचा बाप होता.

हे फक्त साम्यवादी राजवटीतच घडतं असं समजून आपण निःश्वास टाकू नये. लोकशाहीचं माहेरघर म्हणवणाऱ्या ब्रिटनमध्ये १९६८ मध्ये पोलिसांनी आंदोलनांत शिरणारं एक गुप्त पथक उभारलं. त्या आणि त्यानंतरच्या पथकातले पोलीस खोट्या नावानं चळवळींत राहिले आणि कार्यकर्त्या स्त्रियांशी वर्षानुवर्षं संबंध ठेवून एके दिवशी नाहीसे झाले. एकीला तर मूल झालं. मुलाचा बाप पोलीस होता हे तिला वीस-पंचवीस वर्षांनी वर्तमानपत्रातून समजलं. स्त्रियांनी एकमेकींना शोधून काढलं, खटले भरले. २०१५ मध्ये लंडनच्या पोलिसांना सात जणींची जाहीर माफी मागावी लागली. केट विल्सन ही त्यानंतरही लढत राहिली आणि २०२१ मध्ये न्यायाधिकरणानं मान्य केलं की तिच्या मानवी हक्कांचा भंग झाला, आणि ती स्त्री असल्यामुळे तिच्याबाबत भेदभावही झाला. गोट कोणताही असो, बाईचं घर, बाईचं शरीर, बाईचा विश्वास ही शासनाला वापरण्याजोगी वाट वाटते. खाजगी तेही राजकीय, असं आपण म्हणतो. हेरखात्यांना ते आपल्याआधी कळलेलं दिसतं.

आता मी मुद्द्याच्या गाभ्याशी येते.

१९७६ च्या जानेवारीत श्टाझीनं एक अंतर्गत आदेश काढला. अटक केली की बाहेरच्या देशांत बोभाटा होतो. त्यापेक्षा गट आतून कुजवा, असं त्याचं सूत्र होतं. माणसाची अब्रू घालवायची, नोकरीत अपयश येईल अशी व्यवस्था करायची, मैत्रिणी-मैत्रिणींत अविश्वास पेरायचा. त्यासाठीचं एक हमखास साधन म्हणजे जो माणूस खबऱ्या नाही, तोच खबऱ्या आहे अशी कुजबूज सोडून देणं. म्हणजे बघा, खबऱ्या गटात असला तर फायदा होताच. पण नुसत्या संशयानंही तेच काम व्हायचं, आणि फुकटात.

हे वाचताना मी थांबले, आणि इथं माझी गोष्ट सुरू होते.

सहा वर्षांपूर्वी आमच्या सल्ला केंद्रात दोन प्रकरणं अशी झाली की बाईनं आमच्याकडे सांगितलेली गोष्ट आठवड्याभरात तिच्या सासरी पोचली. एकीला त्यापायी मार बसला. आम्ही हादरलो. केंद्रातल्या एका कार्यकर्तीचा दीर पोलिसात होता. कुणीतरी एकदा चहा पिताना म्हणालं, "तिकडूनच जात असणार." बस्स, एवढंच. पुरावा काहीच नव्हता. पण त्या दिवसापासून ती आली की आम्ही विषय बदलायचो. बैठकांचे निरोप तिला उशिरा जाऊ लागले. मोबाईलवर आम्ही नवा ग्रुप काढला, तिला वगळून. तो ग्रुप काढला तो मीच. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मिळवलेली, गटप्रक्रियेवर पेपर लिहिलेली मी! तिला एकदाही समोर बसवून विचारलं नाही. ती समजायचं ते समजली आणि यायची थांबली. आठ वर्षं गावोगाव एसटीनं फिरलेली बाई.

पुढे वर्षभरानं उलगडा झाला. आमच्या केसच्या फायली ज्या कपाटात असायच्या, त्याला कुलूप नव्हतं. ती खोली संध्याकाळी दुसरेही लोक वापरायचे. त्यातला एक जण एका नवऱ्याचा मित्र निघाला. फायली तशा उघड्या ठेवणारी, त्यांत सगळं तपशीलवार लिहिणारी मीच होते. आमच्या गटात कुठल्याही खात्यानं खबऱ्या पाठवला नव्हता. गट कुजवायचं काम आम्ही स्वतःच केलं होतं.

मी तिच्या घरी गेले, सगळं सांगितलं, माफी मागितली. तिनं चहा केला. म्हणाली, "तुम्ही मला एकदा विचारलं असतं, तर मी रागावले असते. पण राहिले असते." ती परत आली नाही. तिनं का यावं?

बर्लिनच्या त्या बायकांचं काय झालं, ते आता ऐका. त्यांच्या गटात खरोखरच खबरी होती. मोनिका नावाची, बालगृहात वाढलेली बाई वर्षानुवर्षं त्यांच्यात बसून अहवाल देत होती. १९८९ मध्ये तिनं कबुली दिली. गटातल्या दोघी जणी तिच्यासमोर बसल्या. तू हे का केलंस, आमच्याबरोबर हसताना तुला काय वाटायचं, असं सगळं विचारलं आणि ते संभाषण १९९० मध्ये पुस्तकरूपानं छापलं. त्यांनी तिला माफ केलंच असं मी म्हणत नाही. पण प्रश्न तिलाच, तोंडावर विचारला. आम्ही निरपराध मैत्रिणीसाठी जे केलं नाही, ते त्यांनी दोषी बाईसाठी केलं.

आणखी एक. ४ डिसेंबर १९८९ रोजी एरफुर्ट शहरातल्या श्टाझी कार्यालयाच्या धुराड्यातून धूर येताना लोकांना दिसला. फायली जाळल्या जात होत्या. तिथल्या 'परिवर्तनासाठी स्त्रिया' या गटातल्या बायकांनी पुढाकार घेतला, माणसं जमवली आणि ते कार्यालय ताब्यात घेतलं. श्टाझीच्या जिल्हा कार्यालयाचा असा ताबा पहिल्यांदाच घेतला गेला. मग इतर शहरांतही तसंच झालं. फायली पुन्हा कुलूपबंद होऊ नयेत म्हणून बोलाय आणि इतरांनी सप्टेंबर १९९० मध्ये उपोषण केलं. डिसेंबर १९९१ मध्ये कायदा झाला आणि जानेवारी १९९२ पासून प्रत्येकाला स्वतःची फाईल वाचण्याचा हक्क मिळाला. आजवर तीस लाखांहून अधिक अर्ज आले आहेत.

त्या फायलींची वर्णनं वाचताना मला एक अस्वस्थ करणारी गोष्ट जाणवली. कोण घरी येतं, नवरा-बायकोचं पटतं का, दारू किती, माहेरचा आधार आहे की नाही. हे सगळं आम्हीही लिहितो. गृहभेट, निरीक्षण, निष्कर्ष. हेतू वेगळा आहे, मान्य. पण जिच्याबद्दल लिहितो तिला ते दाखवत नाही, हे तर सारखंच ना?

म्हणून आमच्या केंद्रात आम्ही तीन गोष्टी बदलल्या. एक, कपाटाला कुलूप आणि किल्लीची नोंद. दोन, प्रत्येक बाईला तिची फाईल वाचायचा हक्क. वाचता येत नसेल तर आम्ही वाचून दाखवतो, ती नको म्हणेल तो मजकूर खोडतो. पहिल्याच महिन्यात एक बाई म्हणाली, "मी 'असहाय' नाही हो. तेवढं काढा." आम्ही काढलं. आणि तीन, कुणाबद्दल शंका आली तर ती आधी तिलाच, दोघींच्या साक्षीनं विचारायची. चहाच्या कपावर नाही.

काल रात्रीच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. आपल्यावर कुणी पाळत ठेवत असेल, नसेल. ते आपल्या हातात नाही. एकमेकींशी कसं वागायचं, ते आहे.

आता आपण गटांत बसणार आहोत. चर्चेसाठी दोनच प्रश्न देते. तुमच्या संघटनेतून गेल्या काही वर्षांत न बोलता निघून गेलेली एखादी मैत्रीण आहे का? आणि तिला कुणी, कधी, काय विचारलं होतं?