अपिलाच्या सुनावणीला जाताना



जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील अनेक अपंग बांधवांचा दाखल्याचा किंवा अनुदानाचा अर्ज नामंजूर होतो. कागद हाती पडला की माणूस "नशिबात नव्हते" म्हणून घरी बसतो. नामंजुरी हा शेवट नव्हे, एवढे सांगण्यासाठी आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मसुदा तयार झालेल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात, आजारपण व अपंगत्वाच्या प्रसंगी राज्याने साहाय्य करावे, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची दिव्यांगांसाठीची रक्कम २०२५ मध्ये दरमहा २५०० रुपये झाली. ही भीक नव्हे.

नामंजुरी दोन प्रकारची असते. पहिली वैद्यकीय. डॉक्टरांनी टक्केवारी चाळीसच्या खाली लावली की लाभाची दारे बंद होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ५९ व्या कलमानुसार या निर्णयाविरुद्ध अपील करता येते. दुसरी नामंजुरी तहसील कार्यालयातील. तेथे उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला अडतो. दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत. म्हणून प्रथम कारण लेखी मागावे. अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे, हेही तेथेच विचारून घ्यावे. अर्ज देताना पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

आता प्रत्यक्ष सुनावणी. हा फौजदारी खटला नव्हे. साक्षीदाराचा पिंजरा नसतो, वकील लागतोच असेही नाही. अधिकारी कागद पाहतात, चार प्रश्न विचारतात. वैद्यकीय अपिलात पुन्हा तपासणी होऊ शकते.

येथेच आपली माणसे चुकतात. "काय, कसे आहे?" असे साहेबांनी विचारले की आपला माणूस हात जोडून म्हणतो, "बरे आहे साहेब." घरी उठताना दुसऱ्याचा हात लागतो, पाण्याचा हंडा उचलत नाही, हे सांगायची त्याला लाज वाटते. बंधूंनो, तेथे लाजू नये आणि वाढवूनही सांगू नये. वाईट दिवशी काय होते, महिन्यात असे दिवस किती येतात, कोणते काम सुटले, तेवढे सरळ सांगावे. मराठी नीट येत नसेल तर वारली, कातकरी, ज्या बोलीत सुचेल त्या बोलीत बोलावे. समजावून सांगणारा माणूस सोबत न्यावा.

सिकलसेलच्या रुग्णांनी तर विशेष तयारी करावी. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले आणि त्यांत सिकलसेल आला. हा रुग्ण बाहेरून धडधाकट दिसतो. त्याच्या वेदना केसपेपरच बोलून दाखवतात. दवाखान्यात भरती झाल्याचे, रक्त चढवल्याचे सर्व कागद तारखेप्रमाणे लावून न्यावेत. मूळ प्रती दाखवाव्यात, झेरॉक्स द्याव्यात.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. पूर्वी जिल्ह्याच्या कामाला ठाण्याला जावे लागे, आता पालघरला. तरीही मोखाड्याच्या पाड्यावरून निघालेल्या माणसाचा दिवस आणि मजुरी जातेच. म्हणून तारीख व ठिकाण आदल्या दिवशी खात्री करून घ्यावे, पहिली एस.टी. धरावी. जिना चढता येत नसेल तर आधीच लेखी कळवावे. कोणत्याही न्यायाधिकरणापुढे भेदभावाविना जाता येणे हा कायद्याच्या १२ व्या कलमाने दिलेला हक्क आहे.

निकालाची प्रत मागून घ्यावी. विरुद्ध गेला तरी कारण वाचावे. पुढची पायरी त्यातच सापडते.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला लिहिता-वाचता येते. आपल्या पाड्यावरील एका माणसाचे कागद लावून द्या, त्याच्यासोबत एक दिवस सुनावणीला जा. तो दिवस वाया गेला, असे तुम्हाला कधी वाटणार नाही.

जय भीम! जय भारत!